‘ओऽऽ खाली!’ : एका हाकेच्या अनुवादाच्या नोंदी

२ जून

संपादकांचा फोन. दिवाळी अंकात जुन्या इंग्रजी भूतकथांचा विभाग करायचाय, चार कथा, चार अनुवादक. माझ्या वाट्याला एक. मर्यादा साडेपाच हजार शब्द, मजकूर ३१ जुलैला हवा. मानधनाचा आकडा त्यांनी भरभर सांगितला, मीही भरभर ऐकला.

निवडीत अर्धा दिवस गेला. एलिझाबेथ गॅस्केलची दाईची गोष्ट (१८५२) माझ्या फार आवडीची. बर्फात बाहेर उभी राहून घरातल्या पोरीला बोलावणारी ती दुसरी पोर! पण ती आधीच दुसरीकडे गेली. शेरिडन ले फानूची ‘ग्रीन टी’ (१८६९) मागावी असं वाटलं होतं. एका पाद्र्याच्या मागे लागलेलं लाल डोळ्यांचं काळं माकड, जे फक्त त्यालाच दिसतं. पण या नावाची कथा आज दिवाळी अंकात आली तर वाचक वजन कमी करायचा लेख समजून पान उलटतील. जेकब्सच्या ‘द मंकीज पॉ’मधला (१९०२) मंतरलेला पंजा भारतातल्या फकिराचा, म्हणजे आपल्याशी नातं आहे, पण शेवट बहुतेकांना माहीत. एम. आर. जेम्सची शिटीची गोष्ट घ्यावी तर शिटीवरच्या लॅटिन अक्षरांनाच टीपा द्याव्या लागतील.

डिकन्सची ‘द सिग्नल-मॅन’ घेतली. १८६६. कारण साहित्यिक वगैरे नाही. माझा मामा कर्जतला राहतो आणि त्याची अख्खी नोकरी घाटातल्या केबिनमध्ये गेली. म्हटलं, शब्द घरातच मिळतील.

४ जून

कथेचा सांगाडा, विभागाच्या फाईलसाठी.

एक सुखवस्तू गृहस्थ फिरता फिरता रेल्वेच्या खोल कटिंगच्या कडेला येतो. खाली बोगद्याच्या तोंडाशी एक चौकी, दारात गुंडाळलेला बावटा हातात घेतलेला माणूस. गृहस्थ वरून हाक मारतो : ‘हॅलोआ! बिलो देअर!’ खालचा माणूस वर बघत नाही. वळून बोगद्याकडे, लाईनकडे बघतो. इथपर्यंत पहिला परिच्छेद. भुताचा पत्ता नाही, तरी काहीतरी बिनसलंय हे कळतं.

मग गृहस्थ नागमोडी पायवाटेनं खाली उतरतो. दुसऱ्या रात्री सिग्नलवाला मन मोकळं करतो. बोगद्याच्या लाल दिव्यापाशी त्याला एक आकृती दिसते. डावा हात तोंडावर आडवा, उजवा जोरजोरात हलवत. आणि ओरडते तेच शब्द, वर ‘सांभाळ! सांभाळ!’. पहिल्यांदा दिसली त्यानंतर सहा तासांत त्या लाईनवर मोठा अपघात झाला. दुसऱ्यांदा दिसली ती गप्प, दोन्ही हातांनी तोंड झाकून. त्याच दिवशी तिथून जाणाऱ्या गाडीत एक तरुण मुलगी डब्यात अचानक मरण पावली. आता गेला आठवडाभर आकृती पुन्हा येतेय. म्हणजे काहीतरी होणार. काय, कुठे, ते ती सांगत नाही.

तिसऱ्या दिवशी गृहस्थ येतो तर बोगद्याच्या तोंडाशी एक माणूस तसाच, तोंडावर हात आडवा धरून उभा. खरा माणूस. इंजिन ड्रायव्हर. सकाळी सिग्नलवाला इंजिनाखाली आला, ते कसं झालं हे तो साहेबांना करून दाखवतोय. आणि इंजिनावरून आपण काय ओरडलो ते सांगतो.

तेच शब्द.

५ जून

मोजलं. ही हाक चौघांच्या तोंडी येते. गृहस्थाच्या, सिग्नलवाल्याच्या (तो विचारतो, तुम्ही नेमके हेच शब्द का वापरलेत?), आकृतीच्या आणि ड्रायव्हरच्या. पहिल्यांदा वाचताना ती निव्वळ हाक वाटली पाहिजे, कोणीही कोणालाही मारेल अशी. शेवटी वाचताना पोटात गोळा यायला हवा. आणि दोन्ही वेळा अक्षर न् अक्षर तेच हवं.

म्हणजे मला कथा नाही, एक हाक अनुवादायचीय. बाकीचे साडेपाच हजार शब्द त्या हाकेची सोय आहेत.

आजचे प्रयत्न वहीत :
‘अहो, खाली कोण आहे?’ : प्रश्न झाला. ड्रायव्हर मरणाऱ्या माणसाला प्रश्न विचारणार नाही.
‘अरे ए, खालच्या!’ : तमाशातला सोंगाड्या.
‘ओ भाऊ!’ : ‘खाली’ गेलं, आणि मी बदलापूर स्टेशनवर येऊन पोचले.

९ जून

आज नुसतं वाचन. तारखेचा योगायोग दुपारी लक्षात आला. ९ जून १८६५ ला, शुक्रवारी, डिकन्स स्वतः रेल्वे अपघातात सापडला होता. केंट परगण्यातलं स्टेपलहर्स्ट.

अपघाताचं कारण इतकं साधं आहे की राग येतो. बेल्ट (Beult) नावाच्या छोट्या नदीवरच्या पुलाचं लाकूडकाम बदलायचं चाललं होतं, त्यासाठी रूळ उचलले होते. फोकस्टोन बंदराकडून येणारी बोटीची गाडी भरतीच्या वेळेप्रमाणे धावायची, त्यामुळे तिची वेळ रोज वेगळी. मुकादमानं वेळापत्रकात दुसऱ्या दिवसाची ओळ वाचली. त्याच्या हिशोबानं गाडीला अजून दोन तास होते. बावटेवाला १,००० यार्डांवर उभा करायचा नियम, तो ५५४ यार्डांवर होता. ड्रायव्हरला लाल बावटा दिसला, पण गाडी थांबायला अंतर उरलं नव्हतं. दहा माणसं गेली.

डिकन्सचा डबा पुलावर लोंबकळत राहिला. तो खिडकीतून बाहेर आला, टोपीत नदीचं पाणी भरून जखमींना पाजत हिंडला. मग आठवण झाली म्हणून लोंबकळत्या डब्यात परत चढला आणि चालू कादंबरीचं हस्तलिखित घेऊन आला. (लॅपटॉपसाठी मी चढले असते का? बॅकअप कधी घेतला होता त्यावर अवलंबून.) पुढे जन्मभर वेगातल्या गाडीत त्याला धडकी भरायची. वारला तोही ९ जूनलाच, बरोबर पाच वर्षांनी, १८७०.

हे सगळं टिपेत घालायचा मोह होतोय. कथेत स्टेपलहर्स्टचं नाव नाही. पण ५५४ यार्डांवरून लाल बावटा दाखवत उभा असलेला तो माणूस डोळ्यांसमोरून हलत नाही. त्यानं बावटा दाखवला. ड्रायव्हरनं पाहिला. दोघांनी आपापलं काम केलं.

१० जून

कालचं आज पुढे. १८६६ च्या वाचकाच्या डोक्यात आणखी एक अपघात असणार, क्लेटन बोगद्याचा. २५ ऑगस्ट १८६१, ब्रायटनची लाईन. बोगद्याच्या दोन्ही तोंडांना एकेक सिग्नलवाला, मध्ये सुयांचं तारयंत्र. पहिली गाडी गेली, पण तिच्यामागे सिग्नल आपोआप पडायला हवा होता तो पडला नाही. दुसरी गाडी आत घुसताना सिग्नलवाल्यानं धावत लाल बावटा दाखवला. ड्रायव्हरनं तो पाहिला की नाही, याची त्याला खात्री नाही. ड्रायव्हरनं पाहिला होता. तो आत थांबला आणि गाडी मागे घेऊ लागला. इकडून तारेनं विचारणा : बोगदा मोकळा? पलीकडच्याला वाटलं पहिल्या गाडीबद्दल विचारतोय. उत्तर : मोकळा. मग तिसरी गाडी आत सोडली. २३ मृत, १७६ जखमी. सिग्नलवाला त्या रविवारी सलग चोवीस तासांच्या पाळीवर होता.

आता डिकन्सची ती जागा पुन्हा वाचली. आकृती पहिल्यांदा दिसते तेव्हा सिग्नलवाला दोन्हीकडे तार करतो, इशारा मिळालाय, काही गडबड आहे का? दोन्हीकडून उत्तर येतं, सगळं ठीक. क्लेटन वाचल्यावर ‘सगळं ठीक’ हे दोन शब्द कथेतले सगळ्यात भीतीदायक शब्द वाटायला लागले. अनुवादात त्यांना हात लावायचा नाही. ‘सर्व काही कुशल आहे’ असलं काही नको.

१५ जून

मराठीची अडचण, जी इंग्रजीला नाही. अरे की अहो?

गृहस्थ वरून हाक मारतो तेव्हा त्याला खालचा माणूस कोण हे माहीत नाही, पण बावटा दिसतो, म्हणजे नोकरमाणूस. त्या काळचा साहेब ‘अरे’ म्हणेल. पुढे ओळख झाल्यावर तो त्याला मानानं वागवतो, कारण हा माणूस शिकलेला आहे, तरुणपणी विज्ञानाची व्याख्यानं ऐकायला जायचा, मग वाया गेला. तिथे ‘तुम्ही’. आकृती काय म्हणेल? भुतानं अहोजाहो केलं तर हसू येईल. आणि ड्रायव्हर? दोन सेकंदांत माणूस चिरडला जाणार, तो एकेरीवरच येणार.

चौघांची चार नाती. हाक मात्र एक. क्रियापद आलं की मराठी लगेच विचारते, तू कोण नि तो तुझा कोण. तर मग क्रियापदच नको.

पण बिनक्रियापदाची हाक कशी मारतात? ते घरात बसून सुचत नाही.

२२ जून

कर्जत. पाऊस सकाळपासून धरलेला. स्टेशनवर पुण्याकडच्या गाडीला मागून बँकर लावत होते, नेहमीप्रमाणे लोक वडापावसाठी उतरले होते. घाट चढवायला मागून ढकलणारी ती इंजिनं मी लहानपणापासून बघतेय, पण आज पहिल्यांदा खलाशी एकमेकांना काय ओरडतात ते कान देऊन ऐकलं. उपयोग शून्य. सगळं वॉकीटॉकीवर आणि हिंदीत.

मामा अठ्ठ्याहत्तरचा. ऐकायला थोडं कमी, बाकी खणखणीत. विचारलं, ‘सिग्नलमनला तुम्ही काय म्हणायचात?’

‘अगं, सिग्नलमन कुठला? आमच्यात केबिनमन, लीव्हरमन, पॉइंट्समन. बाहेरचे लोक म्हणायचे सिग्नलवाला. लग्नात तुझ्या मामीच्या माहेरचे असेच म्हणत होते, मुलगा सिग्नलवाला आहे म्हणून. मला राग आलेला.’

शीर्षक मिळालं. गृहस्थही बाहेरचाच आहे. ‘सिग्नलवाला’. मामाला राग आला तोच सूर पाहिजे.

कटिंगसाठी मी ‘खिंड’ लिहिलं होतं. मामानं मान हलवली. ‘खिंड देवानं केलेली. कटिंग आपण फोडलेली. दरड पडते ती कटिंगात.’ कटिंगच ठेवलं. कोकण रेल्वे झाल्यापासून कोकणातल्या शेतकऱ्यालाही हा शब्द माहीत आहे.

मग हाकेचं विचारलं. सरळ नाही. विचारलं, केबिनमधून खालच्या माणसाला कसं बोलवायचास?

मामा उठला. खिडकीशी गेला, दोन्ही हात कठड्यावर ठेवल्यासारखे धरले, आणि अंगणात ओरडला : ‘ओऽऽ खाली!’

अंगणात भांडी घासत असलेली बाई दचकली. मामी आतून म्हणाली, ‘काय झालं हो?’

‘केबिन वर असते ना,’ मामा बसत म्हणाला. ‘खाली पॉइंटमध्ये कोणी तेल घालत असतं, कोणी दगड काढत असतं. नाव घेत बसायला वेळ नसतो. कधी खलाशी असतो, कधी आमचा इन्स्पेक्टरच वाकून बघत असतो. ओऽऽ खाली म्हटलं की जो असेल तो वर बघतो.’

साहेबाला चालते, खलाशाला चालते. अरे नाही, अहो नाही. चारपाच पिढ्या घाटात ओरडून ओरडून हे उत्तर तयार झालंय आणि मी वहीत ‘अरे ए, खालच्या’ लिहीत बसले होते.

परतीच्या लोकलमध्ये एक गोष्ट सुचली. मामा म्हणाला, जो असेल तो वर बघतो. डिकन्सचा माणूस वर बघत नाही. पहिल्याच परिच्छेदात.

२४ जून

पहिला खर्डा सुरू. ‘ओऽऽ खाली!’ चारही जागी बसवून पाहिलं. ड्रायव्हरच्या तोंडी मुळात ‘हॅलोआ’ नाही, नुसतं ‘बिलो देअर’. म्हणून त्याला ‘खाली!’ एवढंच. शेवटची हाक पहिलीपेक्षा एका श्वासानं तोकडी आहे. बरोबर आहे, त्याच्याकडे तेवढा श्वास नव्हता.

‘लूक आउट’ला ‘सांभाळ!’. सिग्नलवाल्याच्या मनातल्या तारेत जे ‘टेक केअर’ आहे ते वेगळं ठेवायला हवं, तिथे ‘जपून’.

३ जुलै

सतरा पानं झाली. आज एका ठिकाणी मराठी इंग्रजीच्या पुढे गेली, त्याची नोंद केलीच पाहिजे.

दुसऱ्या भेटीच्या सुरुवातीला सिग्नलवाला म्हणतो, काल मी तुम्हाला दुसरं कोणीतरी समजलो. गृहस्थ विचारतो कोण, तर म्हणतो, माहीत नाही. मी लिहिलं : ‘तुम्ही मला दुसरंच कोणी वाटलात.’ दुसराच नाही, दुसरीच नाही. दुसरंच. भूत हा शब्द मराठीत नपुंसकलिंगी असल्यामुळे नुसत्या एका अनुस्वारानं ते आत येऊन बसलं. वाचकाला अजून भुताबद्दल काही सांगितलेलं नाही. पण आपल्याकडे तिन्हीसांजेला ‘ते’ म्हणतात तेव्हा पुढचं कोणी विचारत नाही.

मात्र इथेच आपल्या भुतांचा आणि याचा रस्ता वेगळा होतो. आपल्याकडे भुताला पत्ता असतो, कारण असतं आणि उतारा असतो. मुंज न होता, नाहीतर मुंज होऊन लग्नाआधी गेलेला मुलगा मुंजा होऊन पिंपळावर बसतो. बाळंतपणात गेलेल्या बाईची हडळ होते. तळकोकणात नि गोव्यात देवचाराला वर्षाचा मान दिला की तो उलट राखण करतो. काय राहून गेलं ते कळलं की काय द्यायचं ते कळतं. इंग्रजी गॉथिकची सुरुवातही साधारण अशीच. होरेस वॉल्पोलनं १७६४ मध्ये किल्ला, शिरस्त्राण आणि बापजाद्यांचं पाप घेऊन कादंबरी लिहिली, तिथे भूत हक्क मागायला येतं. हिशोब चुकता झाला की जातं.

शंभर वर्षांनी डिकन्सनं किल्ला काढून टाकला. त्याचं भूत काही मागत नाही. कोणाचं आहे ते कळत नाही. सूड नाही, इच्छा नाही. ते ड्यूटीवर आहे. बावटेवाल्यासारखं उभं राहतं, इशारा देतं, आणि इशारा मिळालेल्या माणसाला त्याचं काहीही करता येत नाही. याला नारळ कुठे ठेवणार?

८ जुलै

माझी चूक. मोठी.

आकृतीचे हातवारे सिग्नलवाला करून दाखवतो, त्या जागी डिकन्सनं एक वाक्य अवतरणात घातलंय : देवाच्या नावानं, वाट सोड! मी ते आकृतीच्या तोंडी दिलं होतं. ‘आकृती ओरडत होती’ असं चक्क लिहून मोकळी झाले होते. पंधरा दिवस ते तसंच खर्ड्यात पडलं होतं.

आज शेवटचा परिच्छेद लावताना गाडी अडली. शेवटी गृहस्थ म्हणतो की ड्रायव्हरच्या हाकेत सिग्नलवाल्यानं सांगितलेले शब्द तर होतेच, पण मी, त्यानं नव्हे, मी मनातल्या मनात त्या हातवाऱ्याला जोडलेले शब्दही होते. म्हणजे ते वाक्य आकृती बोललीच नव्हती. सिग्नलवालाही बोलला नव्हता. हलणारा हात बघून गृहस्थाच्या डोक्यात आलं होतं, आणि त्यानं ते कोणालाही सांगितलं नव्हतं. तेच ड्रायव्हर ओरडला.

मी ते भुताच्या तोंडी घातल्यामुळे कथेचा शेवटचा धक्काच नाहीसा झाला होता. म्हणजे शहाणा, कारणं देणारा, सगळं योगायोग आहे म्हणणारा गृहस्थसुद्धा इशारा ऐकत होता. त्याला कळलं नाही इतकंच.

दुरुस्ती : ‘त्यानं करून दाखवलेला तो हात मी बघत होतो, आणि तो हात जिवाच्या आकांतानं सांगत होता : ...’ सांगणारा हात. वाचक पुढे निघून गेला पाहिजे, लक्षात येता कामा नये.

११ जुलै

त्या टिंबांच्या जागी काय?

‘देवासाठी’ म्हणजे देवाला काहीतरी अर्पण करायचंय असं वाटतं. मराठीत गयावया करताना कोणी देवासाठी म्हणत नाही. ‘देवाशपथ’ ही शपथ झाली. उरतात दोन : हात जोडतो, पाया पडतो.

‘हात जोडतो’ लिहिलं आणि खोडलं. त्याचा एक हात तोंडावर आहे, दुसरा हवेत. हात जोडायला हात कुठे आहेत?

‘पाया पडतो, बाजूला!’

इंग्रज ड्रायव्हर पाया पडतो म्हणेल का, अशी शंका संपादक काढतील. माझं उत्तर तयार आहे. सिग्नलवाल्याच्या मनातल्या तारेतही हेच आहे. तो गृहस्थाला विचारतो, मी काय तार करू? धोका, जपून. उत्तर येणार, कसला धोका, कुठे? मी म्हणणार, माहीत नाही, पण पाया पडतो, जपा. सरकारी तारेत ‘पाया पडतो’ लिहिणारा माणूस वेडा ठरतो, आणि तीच त्याला भीती आहे. हे ‘कृपया’नं साधत नाही.

१९ जुलै

पाणी साचलं, लोकल बंद, वीज गेली-आली. घंटीच्या जागेची तीन वाक्यं झाली. घंटी वाजत नसताना ती वाजतेय असं फक्त सिग्नलवाल्याला जाणवतं. ‘वाजली’ म्हटलं तर खोटं, ‘हलली’ म्हटलं तरी खोटं. ‘घंटीच्या आतून काहीतरी थरथरतं’ इथवर आले.

२५ जुलै

शेवटचं वाक्य. ते लांबलचक, कोरडं, कोर्टातल्या जबानीसारखं आहे. पहिल्या हातात मी त्याचे चार तुकडे केले होते, शेवटचा तुकडा ठसठशीत. फार नाटकी झालं, मालिकेतल्या शेवटच्या फ्रेमसारखं. आज एकसंध केलं, पंचनाम्याच्या सुरात :

‘आता जास्त न वाढवता, आणि या चमत्कारिक प्रकरणातल्या कुठल्या एका बाबीवर दुसरीपेक्षा जास्त भर न देता, शेवटी एवढंच नमूद करतो, की इंजिन ड्रायव्हरनं मारलेल्या हाकेत त्या दुर्दैवी सिग्नलवाल्याचा पिच्छा पुरवणारे, त्यानं मला सांगितलेले शब्द तर होतेच, शिवाय त्यानं करून दाखवलेल्या हातवाऱ्याला मी, त्यानं नव्हे, आणि तेही केवळ मनातल्या मनात जोडलेले शब्दही होते.’

‘नमूद करतो’ राहू द्यायचं. पोलीस चौकीत लिहितात तसं.

३० जुलै

मजकूर पाठवला. ५,४१० शब्द. सोबत दीडशे शब्दांची चौकट मागितली होती, ती लिहिताना मजा आली. ही कथा १८६६ च्या नाताळ अंकात आली. डिकन्स आपल्या साप्ताहिकाचा दरवर्षी नाताळ विशेषांक काढायचा, त्या वर्षी सगळा अंक एका रेल्वे जंक्शनभोवती गुंफलेला. बरोबरच्या लेखकांत अमेलिया एडवर्ड्स होती, ‘भुताची बग्गी’वाली, जिनं पुढे इजिप्तच्या उत्खननासाठी १८८२ मध्ये संस्था उभी केली. इंग्रजी भूतकथा वाढली ती अशा विशेषांकांत. घराघरात शेकोटीपाशी मोठ्यानं वाचायला काहीतरी लागायचं, लेखकाला तारीख पाळावी लागायची. मराठीत काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपलीही हीच सोय. तारीख डोक्यावर बसल्याशिवाय कथा होत नाही, हे दोन्हीकडे सारखं.

१७ ऑगस्ट

कर्जत. मामाला अख्खी कथा वाचून दाखवली. पाऊण तास. मध्ये मामी चहा घेऊन आली ती ऐकत दारातच उभी राहिली.

मामानं दोनदा थांबवलं. पहिल्यांदा सिग्नलवाला म्हणतो की कारण न देता धोक्याची तार करता येत नाही, तिथे. ‘का नाही येत? शंका आली की आधी गाडी थांबवायची. कारण मागाहून.’ मग स्वतःच थोडा वेळ गप्प. ‘पण मागाहून लिहिणार काय? बोगद्यापाशी कोणी उभं होतं, विचारलं तर नाहीसं झालं? पहिल्या वेळी सोडतील. दुसऱ्या वेळी एसएफ-११, म्हणजे चार्जशीट, हातात देतील. तिसऱ्या वेळी डॉक्टरकडे पाठवतील.’

दुसऱ्यांदा शेवटी. ड्रायव्हर सांगतो की शिटी देऊनही तो हलेना, तेव्हा मी शिटी बंद केली आणि घसा फोडून ओरडलो.

‘परत वाच.’

वाचलं.

‘बरोबर. शिटी चालू असताना ओरडून काय ऐकू जाणार? हे ज्यानं लिहिलं तो रेल्वेत होता का?’

नव्हता म्हटलं. एकदा अपघातात सापडला होता.

मामा काही बोलला नाही. मी निघताना विचारलं, घाटात तुला कधी काही दिसलं होतं का? ‘बोगद्यात पाणी असतं. आणि माकडं असतात.’ मामी म्हणाली, ‘सांग की तिला.’ मामा म्हणाला, ‘पाऊस थांबलाय तोवर नीघ.’

४ सप्टेंबर

पहिलं प्रूफ आलं. छान लावलंय. फक्त :

एक. जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये नेताना अवग्रह उडालेत. ‘ओऽऽ खाली’चं सगळीकडे ‘ओ खाली’ झालंय. एका ठिकाणी ‘ओ?? खाली’.

दोन. मुद्रितशोधकांनी शेवटच्या पानावर समासात लिहिलंय, ‘पुनरुक्ती टाळली’. ड्रायव्हरचं वाक्य आता असं आहे : ‘अहो, कोण आहे तिकडे! लक्ष द्या! देवासाठी रस्त्यातून बाजूला व्हा!’

चहा गार झाला. संपादकांना फोन लावला, ते म्हणाले, ‘वाचायला सुरळीत वाटतंय की.’

६ सप्टेंबर

मेल केली. चार जागा, चार पानं, चार ओळी, प्रत्येकीसमोर हवा तो मजकूर. ‘या चारही ठिकाणी शब्द मुद्दाम तेच आहेत, कृपया एकही बदलू नये.’ पाठवण्याआधी ‘कृपया’कडे थोडा वेळ बघत बसले.

११ सप्टेंबर

दुसरं प्रूफ. अवग्रह परत आले. ड्रायव्हरचं वाक्य : ‘खाली! सांभाळ! सांभाळ! पाया पडतो, बाजूला!’ पहिल्या पानावर ‘ओऽऽ खाली!’ ठीक. सिग्नलवाल्याच्या प्रश्नात ठीक. आकृतीच्या तोंडी एक अवग्रह कमी, कळवलं.

चित्रकारानं बोगद्यापाशी पांढऱ्या साडीतली बाई काढलीय. तेही कळवलं.

१३ सप्टेंबर

बाई काढली. तिसरं प्रूफ मंजूर. बिल पाठवलं.